आठऐवजी चार वाचावे

आमच्या पाणीपुरवठा खात्याच्या नोंदवहीला पाच रकाने असत. वेळ, पाण्याची पातळी, पंप क्रमांक, दाब आणि शेवटी शेरा. शेरा म्हणजे सांगण्यासारखं काही घडलं असेल तर ते लिहायची जागा. काही घडलं नसेल तर तिथे 'निरंक' लिहायचं. पण घडलेलं लिहिलं की वरून प्रश्न येतात, म्हणून काहीही घडलं तरी लोक निरंकच लिहीत. मी चौतीस वर्षं खात्याचं दप्तर सांभाळलं. वर्ष संपलं की सगळ्या पंपघरांच्या वह्या माझ्याकडे यायच्या, मी त्या तपासून, शिक्का मारून कपाटात लावायची. मोटर जळून पंपघरातून धूर निघाला, त्या दिवशीच्या नोंदीतसुद्धा मी निरंक वाचलेलं आहे.

आपल्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत ज्यांनी हा शब्द एकदाही लिहिला नाही असे एकच गृहस्थ मी पाहिले. ते तळ्याकाठच्या पंपघरावर पंपचालक होते. खात्यात त्यांना शेरेभाऊ म्हणत. आधी चेष्टेने, मग सवयीने. मी कुणाला टोपणनावाने हाक मारत नाही, पण पुढे पुढे मीही म्हणायला लागले, तेव्हा त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकापुरतं उरलं.

उंच, वाळकुडे, आणि डाव्या पायाची विजार कायम गुडघ्यापर्यंत दुमडलेली. त्याचं कारण असं, की पंपघराच्या मागे मोठी पाणथळ होती आणि पाण्याची पातळी मोजायची पट्टी त्या पाणथळीत आत, वीस-पंचवीस पावलांवर रोवलेली होती. तिथपर्यंत जायला एक फळी टाकलेली. ती डावीकडून मोडलेली, त्यामुळे डावा पाय हमखास चिखलात. शेरेभाऊंनी नव्या फळीसाठी किती अर्ज केले ते मला माहीत आहे, कारण ते सगळे माझ्याच कपाटात आहेत. शेवटी त्यांनी फळीचा नाद सोडला आणि विजार दुमडायला घेतली.

बाकीचे चालक पंपघराच्या खिडकीतून मान लांब करून पातळी लिहीत. शेरेभाऊ सकाळी सहाला, दहाला आणि दुपारी दोनला, प्रत्येक वेळी पट्टीपर्यंत जात. पंपाशेजारी राहून त्यांचा डावा कान पार गेलेला होता. ते म्हणत, डावा कान खात्याला दिला, उजवा पाणथळीसाठी ठेवलाय. लव्हाळ्यांतून आणि पाणकणसांतून जे ऐकू येई, जे दिसे, ते परत येऊन पातळीच्या आकड्यापुढे शेऱ्यात लिहीत. दोन ओळी. यमक जुळवून.

मी वाचलेला त्यांचा पहिला शेरा मला अजून पाठ आहे.

दोन नंबर पंप खोकतो फार,
खंड्याने बदलली बसायची तार.

माझ्या नाकावर राग तसाही असतोच, त्या दिवशी तर तळपायाची आग मस्तकात गेली. सरकारी वही, आणि तिच्यात खंड्या पक्षी. मी ताबडतोब मेमो काढला. त्याला त्यांचं उत्तर आलं, सुवाच्य अक्षरात: शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवू नये असा नियम आहे, तो किती भरावा याचा नियम शोधूनही आढळला नाही. मी दुसरा मेमो काढला, की शेरा पंपाशी संबंधित असावा. उत्तर आलं, की पंप तळ्यातलं पाणी उचलतो, सबब पाण्यात आणि पाण्यावर जे असेल ते पंपाशी संबंधित आहे. दरम्यान दोन नंबरचा पंप उघडला गेला तर त्याचं बेअरिंग खरंच झिजलेलं निघालं. बाकीच्या दोन पाळ्यांच्या चालकांनी त्याच पंपापुढे महिनाभर निरंक लिहिलं होतं. हे मला दिसलं, पण मी तेव्हा कबूल केलं नाही.

तिसऱ्या मेमोला उत्तर आलंच नाही. वर्षअखेर वही आली तेव्हा त्यात सापडलं:

बाईंचा मेमो, बगळ्याची चोच,
नेमकी लागते दोघांची टोच.

मी दप्तराचं दार लावून घेतलं आणि पोट धरून हसले. त्यानंतर मेमो काढले नाहीत. काम वाढतं, असं मी वरच्या साहेबांना सांगितलं. खरं म्हणजे मी त्यांच्या वह्यांची वाट पाहायला लागले होते. दर वर्षी तपासायच्या पंधरा-वीस वह्यांतून त्यांची वही मी शेवटी ठेवायची, ताटातला आवडीचा घास शेवटी ठेवतात तशी.

कवी म्हणून त्यांना कुणी ओळखत नव्हतं आणि त्यांनाही ते नको होतं. एकदा मी म्हटलं, की एखाद्या मासिकाकडे पाठवा. ते म्हणाले, मासिकात पातळी कुठे लिहायची? आकडा नसेल तर ओळी नुसत्या हवेत राहतात. पाणी किती होतं हे आधी सांगायला हवं, मग त्यात कोण आलं ते. मला कवितेतलं फारसं कळत नाही, पण हे बोलणं मला फार मोठं वाटलं आणि आजही वाटतं.

पाणी उतरलं तीन बोटं खाली,
टिटवीच्या अंगणाला बढती मिळाली.

यातली तीन बोटंसुद्धा खरी असत. मी पट्टीचा आकडा पडताळून पाहिलेला आहे.

त्यांचं घर पंपघरालाच चिकटून होतं. दोन खोल्या. एक नंबरचा पंप सुरू झाला की फळीवरचे पेले किणकिणायचे, म्हणून वहिनींनी त्यांच्याखाली चादरीची घडी घातलेली. वहिनी म्हणजे शेरेभाऊंची बायको. त्या घरीच शिवणकाम करत. बोलायला सडेतोड, आणि नवऱ्याच्या वरताण. मी एकदा कामासाठी तिकडे गेले तर म्हणाल्या, आमच्याकडे येणारे-जाणारे सगळे पंखवाले, ताई, चहा मागत नाहीत एवढंच बरं. कपडे वाळत घालायची त्यांची तार पाणथळीच्या कडेने होती. खंड्याने पंपाजवळची तार सोडून जी धरली ती हीच. धुतलेल्या उशीच्या अभ्र्यांवर तो काय करून ठेवी हे त्यांनी मला सविस्तर सांगितलं. तरी त्यांनी तार हलवली नव्हती.

शेरेभाऊ दुपारी जेवायला घरी आले की सकाळच्या ओळी वहिनींना म्हणून दाखवत. वहिनी भाजी चिरता चिरता ऐकत आणि न बघता निकाल देत. त्यांच्या आवडीनिवडीला यमकाशी काही देणंघेणं नव्हतं. खरं की खोटं, एवढंच त्या बघत.

आता मी आठ पिल्लांच्या गोष्टीकडे येते.

पंपघराच्या मागच्या पाणथळीत पाणमांजरांची एक जोडी होती. हा प्राणी लाजरा. शेरेभाऊंच्या वह्यांत तो वर्षातून पाच-सहा वेळाच येई. एका सकाळी सहाच्या पातळीला ते पट्टीपाशी उभे असताना पाणमांजराची मादी पिल्लं घेऊन काठाने गेली. आपल्याकडे बघितलंही नाही तिने, असं त्यांनी मला सांगितलं, आणि सांगतानाही त्यांचा आवाज हलका झाला होता. त्या आनंदात ते परतले आणि लिहून बसले:

पाणमांजर निघालं धरून काठ,
मागे पिल्लांची रांग, मोजून आठ.

दुपारी म्हणून दाखवलं. वहिनींची विळी थांबली. त्या म्हणाल्या, चार होती. मी कपडे वाळत घालत होते, मला डोळे नाहीत का? शेरेभाऊंनी सांगून पाहिलं, की काठाशी चार जुळत नाही. वहिनी म्हणाल्या, "आठ म्हणालात ते एक वेळ सोडा. पण 'मोजून' कशाला म्हणालात? आज पिल्लांचं खोटं मोजलंत, उद्या पाण्याचं मोजाल. गावाने मग कशावर विश्वास ठेवायचा?"

शेरेभाऊ अर्धवट जेवण टाकून उठले आणि थेट माझ्या दप्तरात आले. दुसरा चालक पाळीवर आलेला होता, पण यांनी घरी जाऊन पायही धुतले नव्हते. माझ्या स्वच्छ फरशीवर एका पायाचा चिखल. त्यांनी अर्ज पुढे केला. तो मी इथे तसाच्या तसा देते:

'विषय: नोंदवहीतील शेऱ्यात दुरुस्ती होणेबाबत. विनंती अर्ज सादर करतो की, आज सकाळी सहाच्या नोंदीत पाणमांजराच्या पिल्लांची संख्या आठ अशी लिहिली गेली आहे. प्रत्यक्षात पिल्ले चार होती. संख्या यमकासाठी वाढली. तरी सदर ठिकाणी आठऐवजी चार वाचावे. पाण्याची पातळी बरोबर आहे.'

मी हसले. नुसती हसले असते तरी चाललं असतं. मी तो अर्ज मोठ्याने वाचून दाखवला. मग तो तीन टेबलं फिरला. कुणी म्हणालं, पिल्लांची हजेरी घ्या, कुणी म्हणालं, आईची सही आणा. शेरेभाऊ तेवढा वेळ उभे होते. मी त्यांना म्हटलं, चारला यमकं काय थोडी आहेत? फार, तार, दार, गार. ते म्हणाले, हो, पण काठावर जीव जडला होता, तिथेच घसरलो. मग विचारलं, मान्य होईल ना? मी म्हटलं, होईल, होईल. ते गेल्यावर मी अर्जावर शेरा मारला: 'विषय क्षुल्लक. दप्तरी दाखल.' दप्तरी दाखल म्हणजे फाइलीत लावा आणि विसरा.

महिन्याने ते विचारायला आले तेव्हा मी फाइल उघडून दाखवली. त्यांनी माझा शेरा वाचला, 'बरं' म्हणाले आणि गेले. पुढच्या वह्यांत त्यांचा बारीकसा सूडही नव्हता. माझ्यावर दोन ओळी सहज करता आल्या असत्या. केल्या नाहीत.

वर्षं गेली. नव्या रस्त्यासाठी पाणथळीची पूर्वेची अर्धी बाजू भराव घालून बुजवली. त्याची चर्चासुद्धा झाली नाही. मला ते वर्षअखेर वहीतून कळलं.

पूर्वेला मुरमाच्या गाड्यांची रीघ,
टिटवीच्या अंड्यांवर पहिला ढीग.

हे वाचून मी वही मिटली. तोवर मला त्यांच्या ओळी गमतीच्या वाटायच्या. त्या दिवशी मी कपाट उघडून त्यांच्या सगळ्या वह्या पहिल्यापासून ओळीने वाचल्या. दहा वर्षांहून जुन्या वह्या खरं तर नियमाप्रमाणे रद्दीत जायच्या असतात. मी त्या घातल्या नव्हत्या. ओळीने वाचल्यावर दिसलं, की सुरुवातीच्या वह्यांत दर थंडीत शेकाटे यायचे, लांब लाल पायांचे पक्षी, 'उंच विजारवाले' म्हणून शेरेभाऊ त्यांना आपल्या जातीचे समजायचे. मग ते एक आड एक वर्ष येऊ लागले. मग येईनासे झाले. बेडकांचा आवाज आधी 'पंपालाही पुरून उरे', पुढे 'पंप बंद झाल्यावर ऐकू ये'. हे असं कुणी ठरवून मांडलेलं नव्हतं. रोजचं रोज खरं लिहिलेलं होतं, एवढंच.

आणि मग, त्या अर्जाला अकरा वर्षं झाल्यावर, माझ्या टेबलावर एक पाहणी अहवाल आला. उरलेली पश्चिमेची पाणथळ एका कंपनीला गोदामं बांधायला द्यायची होती. कंपनीच्या सल्लागाराने जागेची पाहणी केली होती. छापील तक्ता. जमिनीचा प्रकार: पडीक. झाडे: किरकोळ. वन्यजीव: निरंक.

चौतीस वर्षांत तो शब्द इतक्या वेळा वाचला, पण असा कधी टोचला नव्हता. कुणी पाहिलं नाही की निरंक लिहितात, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मी अहवाल दाखल न करता पिशवीत घातला आणि पंपघरावर गेले. शेरेभाऊंनी तो दोनदा वाचला आणि पाहणी किती वाजता केली ते विचारलं. तारखेपुढे वेळ होती: दुपारी एक ते दोन. ते म्हणाले, दुपारी एक ते दोन सगळी पाणथळ झोपलेली असते, बाई, त्या वेळात मी स्वतः निरंक असतो. वहिनी आतून म्हणाल्या, घोरणं सोडून.

मग त्यांनी अहवाल मिटून मला परत दिला. ते निवृत्त व्हायला सात महिने होते. माणूस काय, आज ना उद्या जाणारच, पण जागा गेली की तिथे पुन्हा कुणी येत नाही, असं ते म्हणाले. हरकत घ्यायला तीस दिवसांची मुदत होती. त्यांनी हरकत लिहिली आणि पुरावा म्हणून सव्वीस वर्षांच्या शेऱ्यांचा हवाला दिला.

सुनावणी आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर, सभेच्या खोलीत झाली. लांब टेबल, खुर्च्या कमी आणि माणसं जास्त, पंखा एकच आणि तो सुनावणी अधिकाऱ्यांच्या डोक्यावर. वह्या मी स्वतः नेल्या होत्या. दप्तराबाहेर त्या माझ्याशिवाय कुणी हलवायच्या नाहीत असा माझा नियम होता. शेरेभाऊंनी त्या दिवशी विजारीचे दोन्ही पाय सरळ सोडले होते. ते मला कुणी दुसरेच वाटले.

सल्लागार तरुण होता, अभ्यासू होता आणि उद्धटही नव्हता, हे मला सांगायलाच हवं. उद्धट असता तर सोपं झालं असतं. त्याने वह्या चाळल्या होत्या. तो म्हणाला, या सुंदर ओळी आहेत, पण हा पुरावा नाही. आणि मग त्याने ते पान काढलं. त्याने दोन्ही ओळी नीट, आदराने वाचल्या. मग म्हणाला, "साहेब, पाणमांजराला एका वेळी दोन ते पाच पिल्लं होतात. इथे आठ आहेत, आणि तीही मोजून. ज्यांनी ही आठ मोजली, त्यांची बाकीची मोजणी किती धरायची?"

खोलीत हशा पिकला. अधिकाऱ्यांनी चष्मा पुसत शेरेभाऊंकडे पाहिलं.

शेरेभाऊ उभे राहिले. "चार होती," ते म्हणाले. "आठ मी लिहिली. चूक माझी."

का लिहिलीत, असं अधिकाऱ्यांनी विचारलं. त्यांनी खरं ते सांगितलं, की काठ हा शब्द आधी येऊन बसला होता. पुन्हा हसू झालं. मग अधिकारी म्हणाले, यमकासाठी एकदा वाढवलं, तर बाकीच्या पानांवर वाढवलं नसेल कशावरून? शेरेभाऊंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि मग नजर टेबलावर ठेवली.

मला समजलं. एका वाक्यात ते सुटले असते. मी त्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज दिला होता, असं म्हटलं की झालं. पण तो अर्ज मागवला गेला असता, त्याच्यावरचा माझा शेरा भर सभेत वाचला गेला असता, आणि ते त्यांना करायचं नव्हतं. ज्या जागेसाठी त्यांचा जीव तुटत होता ती हातची जात होती, आणि हा माणूस माझी अब्रू सांभाळत उभा होता. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त माझा.

मी उठले. दहा मिनिटं द्या, म्हटलं. दप्तर दुसऱ्या मजल्यावर. चौतीस वर्षांत मी त्या जिन्यावर कधी धावले नव्हते, धावणाऱ्यांना ओरडलेच होते. त्यांची वैयक्तिक फाइल काढली, फळीच्या अर्जांखालून तो कागद काढला आणि खाली आले. दम इतका लागला होता, की बोलता येईना. मी कागद नुसता अधिकाऱ्यांपुढे ठेवला.

त्यांनी तो मोठ्याने वाचला. 'पाण्याची पातळी बरोबर आहे' हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. या वेळी कुणी हसलं नाही. मग त्यांनी खालचा शेराही वाचला आणि तो कुणाचा ते विचारलं.

"माझा," मी म्हटलं.

"क्षुल्लक?"

"तेव्हा वाटलं होतं. मीच हसले होते. सगळ्यांना हसवलंही होतं."

दुरुस्ती झाली का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. मग दुरुस्ती मान्य करायचा अधिकार कुणाचा? तो माझाच होता. अकरा वर्षं माझाच होता. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि पेन पुढे केलं.

मी लिहिलं: दुरुस्ती मान्य. आठऐवजी चार वाचावे. सही केली. आणि तारीख टाकताना माझा हात आपोआप अकरा वर्षांपूर्वीच्या तारखेकडे गेला. आमच्या खात्यात हे रोजचं होतं. राहून गेलेली सही मागच्या तारखेने करायची, कागद दिसायला नीट दिसतो, कुणाचं काही बिघडत नाही. त्याला खोटं म्हणतात हे आम्ही विसरूनच गेलो होतो. मी पहिला आकडा लिहिणार, तेवढ्यात शेजारून हळू आवाज आला.

"बाई, तारीख आजची टाका."

त्यांना वाटलं ते फक्त मला ऐकू गेलं. पण ज्याचा एक कान गेलेला असतो त्याचा हळू आवाज इतरांच्या साध्या आवाजाएवढा असतो. ते सगळ्या खोलीने ऐकलं. मागच्या तारखेने त्यांचाच फायदा होता. तरी आजची टाका म्हणाले.

मी आजची तारीख टाकली. माझी सही कधी वाकडी येत नाही, त्या दिवशी आली.

अधिकाऱ्यांनी कागद परत आपल्याकडे ओढला. मग त्यांनी सल्लागाराला तीन प्रश्न विचारले. पाहणीला किती दिवस गेलात? एक. किती वेळ? एक तास. पट्टीपर्यंत गेला होतात का? सल्लागार म्हणाला, नाही, फळी मोडकी होती. त्याने खोटं सांगितलं नाही हेही मी लक्षात ठेवलं आहे. अधिकाऱ्यांनी अहवाल उघडून 'निरंक'वर आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं: अमान्य. वर्षभर दरमहा मोजणी करावी, पंपचालकांना सोबत घ्यावे, तोवर भराव घालू नये.

बाहेर वहिनी बाकावर बसल्या होत्या. त्यांना सगळं सांगितल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या, तरी मी तेव्हाच म्हणत होते, 'मोजून' नको. मग डोळे पुसले आणि आता नवी फळी तरी द्या, असं मला सुनावलं. फळी मी आठवड्यात बसवून घेतली.

मोजणी वर्षभर चालली. मधेच शेरेभाऊ निवृत्त झाले, पण दर महिन्याच्या ठरलेल्या सकाळी सहाला पट्टीपाशी हजर असत, आणि तो सल्लागार त्यांच्या शेजारी, त्याचीही विजार दुमडलेली. फळी नवी होती, दुमडायची गरज नव्हती. ती सवय त्याने यांच्याकडून उचलली होती. पाणमांजरं त्यांना तीन वेळा दिसली. पिल्लं एकदाच, आणि दोन. शेरेभाऊंनी दोन लिहिली. मोजणी पुरी झाली आणि गोदामं दुसरीकडे गेली. पश्चिमेची पाणथळ आज तिथे आहे.

मोजणीचे बाराही तक्ते शेवटी दप्तरात लावायला माझ्याकडे आले. शेरेभाऊंच्या हातचे. मी ते नेहमीच्या सवयीने शेवटी वाचायला ठेवले, दार लावून घेतलं आणि ओळी शोधायला लागले. ओळी नव्हत्या. तक्त्यात दोन भाग होते, पश्चिम बाजू आणि पूर्व बाजू. पूर्वेला आता रस्ता होता, त्याच्या कडेला मुरूम, मुरमावर काही नाही. तरी नियमाप्रमाणे तीही बाजू दर महिन्याला चालून, पाहून भरायची होती. शेरेभाऊंनी ती चालून, पाहून भरली होती. पश्चिमेच्या रकान्यात बगळे, खंड्या, पाणकोंबड्या, बेडूक, सगळ्यांचे आकडे. आणि पूर्वेच्या रकान्यात, बाराही पानांवर, त्यांनी नोकरीत सव्वीस वर्षं जो शब्द लिहिला नव्हता तो लिहिला होता.

निरंक.

खाली सही, आणि तारीख त्या त्या दिवसाची.